वरचं पाणी

पोस्टातल्या शेंबेकरबाईंची बदली लातूरला झाली
आणि टाकी आमच्या पडवीत आली. तीन फुटी.
आत जे होतं ते सगळं तळाशी:
काचेला चिकटलेला प्लेको, मिशाळ कोरी चार,
वाळूत अर्धी पुरलेली पट्ट्यापट्ट्यांची लोच,
दिसली तर दिसली.
खाली ही दाटी, बाजाराच्या दिवशी आचऱ्याच्या तिठ्यावर असते तशी,
आणि वर हातभर नुसतं पाणी,
दिव्याचा उजेड, फिल्टरचे बुडबुडे,
भाडेकरू न मिळालेल्या माडीसारखं.

दादांनी समुद्र सोडून अकरा वर्षं झाली.
गुडघे गेले, होडी भाच्याकडे गेली.
टाकीकडे त्यांनी पाहिलं एकदाच, तेही तिरकं:
"खावचो नाय तर पाळतास कित्याक?"
मग दोन दिवसांनी, भाकरी मोडता मोडता,
"वरचा पाणी रिकामा पडलाहा."

म्हणून कुडाळ. इनास फर्नांडिसचं दुकान,
एका बाजूला मोबाईल रिचार्ज, दुसऱ्या बाजूला मासे.
एंजल न्या, म्हणाला, मोली न्या, सगळे तेच नेतात,
लग्नात सगळे भिंतीवरचं घड्याळच देतात तसं.
दादा स्टुलावर टेकले. चष्मा लुंगीला पुसला.
"नाव सांगा नको. तोंड दाखय."

तोंड वर वळलेलं, तो वरचा. पडलेलं टिपतो.
तोंड सरळ, तो मधला. समोर येईल ते खातो.
तोंड खाली, तो लेपो, तो शिंगाळो,
"तसले आमच्याकडे आसत, रग्गड."
एंजलला त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"देखणो आसा. मोठो झालो की बारक्यांका गिळतलो."
इनासने रिचार्जवाल्याला थांबायला सांगितलं.

मागच्या, मंद दिव्याच्या टाकीत होते ते,
जे कोणी मागत नाही:
हॅचेट, पाठ सरळ फळीसारखी
आणि पोट आडोळीच्या पात्यासारखं गोल, धारदार,
पाण्याच्या कातडीला पाठ लावून सहा जण स्तब्ध.
हाफबीक, खालचा ओठ सुईएवढा लांब.
दादा हसले. दादा हसले, म्हणजे दात दिसले.
"अरे, हो तर टोळ! टोळाचो नातू!
गोड्या पाण्यात काय करतं रे तू?"
आणि मधल्या पाण्याला पेन्सिलफिश,
तिरके उभे, कानामागे ठेवलेले जणू.

सहा, तीन, पाच.
टोळाच्या नातवात नर एकच घ्या, इनास म्हणाला, भांडतात.
"म्हायत आसा," दादा म्हणाले, कोणाबद्दल ते नाही सांगितलं.
एसटीत पिशव्या त्यांच्याच मांडीवर.
ओरोसपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या रात्री एक हॅचेट उडाला.
सकाळी तांदळाच्या पिंपामागे सापडला,
सुकटासारखा, हलका, एक डोळा वर.
मी झाकणाला काच आणायला निघालो
तर दादा माळ्याखाली उभे:
"ती बांबूची सुई काढ."
विसरले असतील असं मला वाटलं होतं.
हात विसरले नव्हते, फक्त थांबत होते मध्येमध्ये,
गाठ घालायची आणि खिडकीबाहेर बघायचं,
जिथून खाडी दिसत नाही, शेजाऱ्यांची गॅलरी दिसते.

चार दिवस लागले. तीन फूट बाय दीड, आस बारीक,
कोपऱ्यात दाणे टाकायला एक फट,
ती त्यांनी स्वतःच्या करंगळीने मोजली.

आता ते खुर्ची घेऊन तिथेच असतात.
सकाळचे दाणे तेच टाकतात, चिमूट चिमूट,
अर्धे वरच संपतात, काही पेन्सिली मध्येच पकडतात,
उरलेलं तळाच्या गर्दीला.
मी कामावरून येतो तेव्हा हिशेब मिळतो:
कोण खाल्लो, कोण नाय.

रात्री कधीतरी जाळ्याला टक्क होतं.
दादा झोपेतच विचारतात, "गावलो?"
आणि कूस बदलून, आपलं आपणच,
"नाय. रवलो."